शिसे ओळखणारा डीएनए

पाण्यातील शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. परंतु बालकांच्या मेंदूच्या वाढीस ते अपायकारक ठरते. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे असता कामा नये. इतका सूक्ष्म अंश मोजण्यास प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागतात.

आनुवंशिक गुण जपणारा डीएनए रासायनिक क्रियेस चालनाही देऊ शकतो, हे १९९४ मध्ये अमेरिकेत ब्रेकर व जॉइस यांनी दाखविले. त्यांचा डीएनए शिशाच्या साहाय्याने ठरावीक धागा तोडतो. २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील लियू व लू यांनी अशा धाग्यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडले. कण एकत्र आले की द्रावण निळे दिसते. शिशामुळे धागे तुटल्यास कण विलग राहून ते तांबडे दिसते.

अशी रंगपरीक्षा धोक्याचा प्राथमिक इशारा देऊ शकते. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच व्हावा.