शेपूट नसलेला विंचू

जुनी पोथी उघडताना, किंवा कडब्याच्या गंजीचा तळ उपसताना, तांदळाच्या कणीएवढा विंचू तुम्ही कधी पाहिला आहे का? दोन चिमटे पुढे पसरून तो चालतो आणि काडी लावली की झटकन मागे सरकतो. विंचवाचे पिलू समजून पुष्कळ घरी तो चपलेखाली चिरडला जातो. पुढच्या वेळी जरा थांबा आणि त्याची मागची बाजू पाहा. शेपूट नाही, नांगीही नाही. हा खोटा विंचू.

कोळी, गोचीड आणि खरा विंचू यांचा हा आठपायी भाऊबंद. बऱ्याच जातींच्या चिमट्यांत थोडे विष असते, पण ते बारीक किड्यांपुरते. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. पुस्तकांना लागणाऱ्या बारीक उवा आणि सूक्ष्म कोळी हे त्याचे खाणे. त्याला पंख नाहीत. म्हणून लांब जायचे असले की काही जाती माशीच्या पायाला चिमटा लावतात आणि एस. टी.च्या टपावर बसल्यासारख्या फुकट प्रवास करतात!

जगात त्याच्या ४,००० हून अधिक जाती आहेत आणि पुष्कळशा एकमेकींसारख्या दिसतात. मग त्या ओळखायच्या कशा? आणि ओळखून करायचे काय, असेही तुम्ही विचाराल. आधी दुसऱ्या प्रश्नाचे पाहू.

मधपेट्या ठेवणाऱ्यांना व्हरोआ हा माशांच्या अंगावर बसणारा कोळी ठाऊक असेल. कित्येक वर्षे जगभर तो एकाच जातीच्या नावाने ओळखला जात होता. सन २००० मध्ये अँडरसन आणि ट्रुमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की युरोपी मधमाशीच्या वसाहती उद्ध्वस्त करणारा व्हरोआ ही वेगळीच जात आहे. तोवर खऱ्या शत्रूवरचे सारे लेखन चुकीच्या नावाखाली झाले होते. न्यूझीलंडमध्ये खोटे विंचू हा व्हरोआ खाताना आढळले आहेत, आणि आपल्या सातेरी माशीच्या पेटीत राहणारी एक जातही शास्त्रज्ञांनी नोंदली आहे. उद्या त्याला राखणीला ठेवायचे म्हटले, तर नेमकी कोणती जात कामाची हे कळायला नको का?

आता ओळखण्याचे. पहिली रीत शरीर पाहण्याची. प्राणी औषधात ठेवून पारदर्शक करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या चिमट्यावरचे लांब संवेदी केस मोजतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या एका चिमट्यावर ते बहुधा १२ असतात. कोणता केस कुठे उगवला आहे, चिमट्याच्या बोटांवर दात किती, जननांगांची ठेवण कशी, हे सारे टिपून ठेवतात. पिलांना केस कमी असतात, म्हणून वय न पाहता मोजणारा हमखास फसतो.

एवढे करूनही दोन जाती सारख्याच दिसल्या तर? मग पेशीत डोकवावे लागते. तेथे गुणसूत्रे असतात. त्यांचे महत्त्व शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराला येतात ६३, आणि खेचर सहसा वांझ राहते. आपल्या देशी कापसात ती २६ आणि अमेरिकन कापसात ५२ असतात. त्यामुळे या दोहोंचा संकर सरळपणे साधत नाही.

खोट्या विंचवात हा आकडा फार बदलतो. काही जातींत ती मोजकीच, तर काहींत शंभराहून अधिक. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात श्तालाव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. नराचे वृषण सौम्य द्रावणात ठेवून पेशी फुगवायच्या, मग त्या रंगवून गुणसूत्रे मोजायची. पुष्कळ जातींच्या नरात मादीपेक्षा एक गुणसूत्र कमी भरते. ज्याची गुणसूत्रे मोजली त्याचेच चिमटे जपून ठेवतात, म्हणजे आकडा आणि आकार यांचा मेळ घालता येतो.

मात्र आकडा म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. दोन वेगळ्या जातींत तो सारखाही असू शकतो. पनामा आणि फ्रेंच गयाना येथील, मोठ्या भुंगेऱ्याच्या पंखांखाली बसून प्रवास करणाऱ्या खोट्या विंचवांचेच घ्या. दोन्हीकडचे दिसायला जवळजवळ सारखे. झेह दांपत्याने त्यांचा संकर करून पाहिला, तेव्हा गर्भ वाया गेले. त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही, पण प्रत्येक जातीला प्रयोगशाळेत नांदवणे कोणाला जमणार?

तुमच्या मधपेटीत असा पाहुणा दिसला आणि तो कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागाला दाखवायचा असला, तर लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा. गाव, तारीख आणि तो कुठे सापडला ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून आत टाका. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गुणसूत्रे पाहायची असतील तर मात्र तो जिवंतच लागतो. त्यासाठी ओलसर कागदाचा तुकडा घातलेली, झाकणाला बारीक छिद्रे पाडलेली डबी पुरे.