इलेक्ट्रिक स्कूटरवरून पडल्यावर : 'फारसं लागलं नाही' असं म्हणण्याआधी

सत्तरीचे एक आजोबा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात आले होते. भाजी आणायला जाताना वळणावरच्या वाळूत त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर घसरली आणि कोपर खरचटलं. "डॉक्टर, बाकी काही नाही," ते म्हणाले. कानामागे टेंगूळ होतं आणि अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. मी त्यांना लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. मेंदूभोवती थोडा रक्तस्राव निघाला. वेळेत दाखल केल्यामुळे ते बरे होऊन घरी आले.

त्यांनी हेल्मेट घातलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, "हिला लायसन्ससुद्धा लागत नाही!"

कमी वेग म्हणजे कमी धोका?

250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या स्कूटरला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही, हे खरं आहे. पण ताशी 25 किलोमीटर वेगाने एखाद्या गोष्टीवर आदळणं म्हणजे साधारण आठ फुटांवरून खाली पडण्यासारखं आहे. डोक्याला इजा व्हायला तेवढं पुरेसं असतं.

या गाड्यांचे आणखी दोन धोके आहेत. त्यांचा आवाज होत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी आल्याचं कळत नाही. शिवाय मूठ पिळताच गाडी झटकन पुढे जाते. चालू गाडी पार्किंगमधून ओढताना किंवा पुढे उभ्या असलेल्या लहान मुलाने मूठ पिळल्याने गाडी उडी मारते. म्हणून उतरण्याआधी गाडी बंद करा आणि मुलांना पुढे उभं करू नका.

कुठे लागतं?

पडताना आपण हात टेकतो, त्यामुळे मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर 10 ते 14 दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. हाताला लागलं की सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. मालिश करू नका.

डोक्याला मार लागला असेल तर

काही वेळा रुग्ण सुरुवातीला नीट बोलतो, चालतो आणि काही तासांनी त्याची तब्येत बिघडते. आत हळूहळू रक्त साठत असतं. पुढीलपैकी काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा :

- काही क्षण का होईना, शुद्ध हरपली असेल
- वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका
- हातापायात कमजोरी, दोन-दोन दिसणं
- कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इतरांनीही पहिले 24 तास एकटं राहू नये. डोकं दुखतं म्हणून स्वतःच्या मनाने ऍस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

जागेवर काय कराल?

बेशुद्ध किंवा मान दुखत असलेल्या माणसाला ओढून उभं करू नका, तोंडात पाणी घालू नका. हेल्मेट घाईने उपसू नका. काच वर करा आणि पट्टा सैल करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे घाबरू नका.

साधं खरचटलं असेल तर जखम वाहत्या पाण्याने माती निघेपर्यंत धुवा. हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन दर वेळी लागत नाही. जखम मातीने माखलेली असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर ते घ्यावं.

शेवटी एवढंच

आयएसआय चिन्हाचं हेल्मेट घाला, त्याचा पट्टा लावा आणि मागे बसणाऱ्यालाही द्या. ओढणी किंवा पदर खोचून बसा. आजोबा आता भाजीला जाताना हेल्मेट घालतात. तुमच्या घरातली स्कूटर 'बिनलायसन्सची' असेल, तर आजच घरच्यांशी याबद्दल बोला.