डहाणूच्या हवेतील कण कोठून येतात?

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन वा द्रव कणांना शास्त्रीय परिभाषेत एरोसोल म्हणतात. डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या हवेत अरबी समुद्राचे मीठ, डहाणूच्या 500 मेगावॅट औष्णिक वीजकेंद्राची राख, उत्तरेकडील वापीच्या कारखान्यांचा धूर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील डिझेलची काजळी आणि पावसाळ्यापूर्वी राब भाजताना, म्हणजे भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, उठणारा धूर असे नाना उगमांचे कण एकत्र येतात.

त्यांचे मूळ शोधताना प्रथम रासायनिक घटक तपासले जातात. गाळणकागदावर जमलेल्या कणांत सोडियम व क्लोराइड आढळले तर ते सहसा समुद्राकडे बोट दाखवतात, पालापाचोळा जळल्याची खूण पोटॅशियममध्ये सापडते, तर कोळशाची राख सिलिका आणि अॅल्युमिनियमयुक्त काचमय गोलकांवरून ओळखता येते. सल्फेटचा माग मात्र अवघड असतो, कारण धुराड्यातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायू वाऱ्याबरोबर वाहत असताना हळूहळू कणरूप घेतो आणि त्यामुळे हे कण उगमापासून दूरवर आढळतात.

दुसरा आधार वाऱ्याचा. पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतात, तर हिवाळ्यात प्रामुख्याने ईशान्य व उत्तरेकडून, म्हणजे जमिनीवरून वाहतात. म्हणून हवामानाच्या नोंदींवरून हवेचा मागील काही दिवसांचा मार्ग संगणकावर उलट दिशेने आखला जातो आणि त्याला प्रतिमार्ग म्हणता येईल. जानेवारी 2022 मध्ये मुंबई परिसरावर पसरलेल्या धुळीचा माग अशाच पद्धतीने पाकिस्तानच्या दिशेला लागला होता.

स्थानिक आणि दूरचे कण वेगळे करण्यासाठी वस्तीपासून दूरच्या, उंच ठिकाणच्या नोंदी तुलनेस उपयोगी पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वर येथे, सुमारे 1350 मीटर उंचीवर, उभारलेली मेघभौतिकी प्रयोगशाळा अशा नोंदी घेते.

डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला, 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि 2007 मध्ये वीजकेंद्रात धुरातील गंधक काढणारी यंत्रणा सुरू झाली. तथापि एका धुराड्यावरील नियंत्रणाने सर्व कणांचा बंदोबस्त होत नाही. इथल्या बागांतील चिकूच्या पानांवरील धुळीचा दोष कोणावर ठेवायचा हे ठरवण्यापूर्वी किमान दोन्ही ऋतूंतील रासायनिक नोंदी आणि वाऱ्याचे मार्ग एकत्र तपासले गेले पाहिजेत.