खाडीच्या तोंडावरचा कोट

तारापूर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, अणुवीज केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथल्या किनाऱ्यावर सुरू झालं आणि तेव्हापासून गावाचं नाव केंद्रालाच चिकटलं. मूळ गाव जागच्या जागी आहे. बोईसरहून पश्चिमेला निघालं की कारखाने मागे पडतात, ताडामाडांच्या वाड्या लागतात आणि वस्तीच्या कडेला काळ्या दगडाचा तट दिसतो. हा तारापूरचा किल्ला. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे चिंचणी.

रायगड-राजगड पाहून आलेल्याला हा कोट लहान वाटेल. त्याचं कामच वेगळं होतं. दमण आणि वसई ही पोर्तुगीजांची दोन मोठी ठाणी, आणि त्यांच्या मधल्या किनाऱ्यावर जागोजागी खाड्यांची तोंडं. भरतीबरोबर तांदूळ, लाकूड, मीठ घेऊन होड्या आत-बाहेर करायच्या. पोर्तुगीजांचा परवाना नसलेलं गलबत पकडायचं, जकात वसूल करायची आणि शत्रूची शिडं दिसली की शेजारच्या ठाण्याला कळवायचं, यासाठी प्रत्येक तोंडावर चार तोफा आणि मूठभर माणसं पुरत. शिरगाव, माहीम, केळवे, डहाणू आणि तारापूर ही सगळी त्याच साखळीची कडी. एकेक किल्ला सुटा पाहिला तर पडका वाडा वाटतो, किनारा धरून ओळीने पाहिले की त्यामागची योजना समजते. पालघरच्या दुर्गप्रेमींनी ते असेच पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

१६३५ साली आंतोनियो बोकारो याने पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांचा सचित्र ग्रंथ तयार केला. त्यात तारापूरचाही नकाशा आहे. त्या ग्रंथाचं हस्तलिखित पोर्तुगालमधल्या एव्होरा शहराच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे.

किल्ल्याच्या आयुष्यातले सर्वांत भीषण दिवस जानेवारी १७३९ मधले. मराठ्यांची वसईची मोहीम १७३७ पासून चालू होती. ठाणे, साष्टी हाती आली होती, पण वसई बधत नव्हती. तिला उत्तरेकडून मिळणारी रसद तोडायची तर मधली ही साखळी मोडणं भाग होतं. मोहिमेचे प्रमुख चिमाजी अप्पा स्वतः उत्तरेकडे उतरले. माहीम, केळवे, शिरगाव एकामागून एक पडले. तारापूरने मात्र कडवी झुंज दिली. मराठ्यांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं आणि त्यातून आत उड्या घेतल्या. आतले फिरंगीही शर्थीने लढले.

याच लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीराव पेशव्यांचा हा जिवाभावाचा सरदार. बाजीरावांनी बाजींच्या आईला पत्र लिहिलं. आपलाच भाऊ गेला, पण इलाज नाही, आता त्याच्या जागी मी आहे, असा त्याचा आशय. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात फौजा, पैसा आणि मुलुख यांच्या मजकुराचे ढीग आहेत. त्यात हे पत्र वाचताना पेशव्याचा आवाज भरून आलेला ऐकू येतो. ज्या तटाखाली बाजी पडले तो तट आजही उभा आहे, आणि तिथे त्यांच्या नावाचा एक साधा दगड असावा, एवढीही मागणी फार नव्हे. चार महिन्यांनी, मे महिन्यात वसई पडली.

त्यानंतर किल्ल्याच्या वाट्याला वेगळीच माणसं आली. तो इनाम म्हणून तारापूरच्या विकाजी मेहरजी या पारशी गृहस्थाकडे गेला. विकाजी महसुलाचे मक्ते घेणारे. त्यांच्या घराण्याची पेढी पुढे निजामाच्या हैदराबादेत इतकी वाढली, की औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयाला लोक घराण्यातल्या पेस्तनजींच्या नावावरून ‘पेस्तनशाही’ म्हणू लागले. वऱ्हाडचा कापूस खुष्कीच्या मार्गाने प्रथम मुंबईला धाडण्याचं श्रेयही याच पेढीला दिलं जातं. खाडीकाठच्या लहानशा गावातून निघालेल्या या घराण्याची कथा मराठीत सविस्तर यायला हवी.

किल्ला खासगी मालकीचा राहिला आणि त्याच्या आत वाडी झाली. तटाशी उभं राहून पाहिलं की दगडांच्या सांध्यातला चुना अजून घट्ट दिसतो. पण जिथे वड-पिंपळाचं मूळ शिरलं आहे, तिथे तेच मूळ जाड होत होत चिरा बाहेर ढकलतं. वरून फांद्या छाटून भागत नाही, महिनाभरात पुन्हा पालवी फुटते. मुळाचा बंदोबस्त करून सांधे चुन्यानेच भरावे लागतात. सिमेंट भरलं तर आत मुरलेलं पाणी अडतं आणि दगड आणखी सैल होतो. हे जाणकाराच्या देखरेखीखालचं काम आहे, हौशी श्रमदानाचं नव्हे.

मालकी खासगी आहे म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ती तक्रार अर्धीच पटते. वाडी शिंपायला, नारळ उतरवायला आत माणसांचा वावर असतो, आणि वावर असलेली जागा चोरांच्या आणि झुडपांच्या हाती सहसा पडत नाही. मालकांची परवानगी मागून, त्यांना बरोबर घेऊन तटाची रीतसर मोजणी करता येईल. दरवाजाबाहेर बोकारोच्या नकाशाची प्रत लावता येईल. ती लावायला तर आत पाऊल टाकायचीही गरज नाही.