कॉलऱ्याच्या जंतूची जात कोणती?

१९९२च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचे रुग्ण वाढले, पण त्यांच्या शौचातले जंतू नेहमीच्या चाचणीला दाद देईनात. साथ पसरवतो तो ‘ओ१’ गटाचा व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, असे तोवरचे समीकरण होते. हा नवा गट निघाला ‘ओ१३९’. मग त्याला नेमके ओळखणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार झाली.

अशी प्रतिपिंडे बनवण्याची युक्ती जुनीच होती: १९७५मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडली. अशी संकरित पेशी वाढतच राहते आणि एकाच साच्यातली प्रतिपिंडे देते. ती जंतूच्या पृष्ठभागावरचा एकच ठरावीक भाग पकडतात. काचपट्टीवर जंतू मिसळलेला थेंब घ्यायचा, त्यात प्रतिपिंडांचा थेंब टाकून पट्टी हलवायची. जंतू त्याच गटाचे असतील तर दूध नासल्यासारख्या बारीक गुठळ्या दिसतात.

ही पारख किती बारीक? ‘ओ१’च्या ओगावा आणि इनाबा या उपप्रकारांत फरक आहे तो जंतूच्या पृष्ठभागावरच्या शर्करा-साखळीच्या टोकावरच्या एका मिथाइल गटाचा. तोही काही मोनोक्लोनल प्रतिपिंडे हेरतात.

कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे मात्र ही चाचणी सांगत नाही. आणि जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. त्यासाठी अहवालाची वाट पाहू नये.