खोट्या-खोट्या जेवणाचे वय

खेळण्याच्या खोक्यावर छापलेला ‘३+’ हा आकडा प्रामुख्याने घशात अडकू शकणाऱ्या बारीक भागांविषयीची सूचना असते. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ती वस्तू तोंडात घालते, म्हणून ती छापली जाते. पाळणाघरात मात्र हाच आकडा पुष्कळदा समजुतीचे वय म्हणून वाचला जातो आणि भातुकली, बाहुली, डॉक्टरांची पेटी ही सगळी खेळणी तिसऱ्या वाढदिवसापर्यंत माळ्यावर पडून राहतात. याउलट काही घरांत दहा महिन्यांच्या बाळापुढे प्लॅस्टिकच्या भांड्यांचा अख्खा संच मांडला जातो, बाळ एकेक भांडे चघळून फेकून देते आणि ‘याला खेळायची गोडीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. मूल खोट्या-खोट्या खेळाला केव्हा तयार होते, हे या दोन्ही ठिकाणी पाहायचे राहून जाते.

हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्या मधे निडी हे लहानसे स्थानक आहे. एका अंगाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, दुसऱ्या अंगाला रोह्यालगतची धाटावची औद्योगिक वसाहत आणि रेल्वेने पेण-पनवेलची वाट, अशा पट्ट्यात आईवडील दोघेही कामाला बाहेर पडले की मूल आजीकडे, शेजारच्या काकूंकडे किंवा चार-पाच मुले सांभाळणाऱ्या एखाद्या मावशींकडे राहते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असते. त्याखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला असला, तरी या मुलांचा दिवस प्रत्यक्षात घरातच जातो. म्हणून त्या घरात खेळायला काय मिळते आणि कधी मिळते, याला महत्त्व आहे.

समोर नसलेली गोष्ट असल्यासारखी मानून, किंवा एका वस्तूला दुसरी वस्तू कल्पून केलेल्या खेळाला बालमानसशास्त्रात प्रतीकात्मक खेळ म्हणतात. मराठी मुले त्यालाच ‘खोटं-खोटं’ म्हणतात आणि तो शब्द शास्त्रीय संज्ञेपेक्षा अधिक नेमका आहे, कारण हे खरे नाही याची जाणीव हाच या खेळाचा गाभा असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःच्या तीन मुलांच्या बारीक निरीक्षणांवरून या क्षमतेचा उगम साधारण दुसऱ्या वर्षात दाखवला. त्याआधी, वर्षाच्या आसपास, मूल वस्तूचा उपयोग ओळखू लागते, म्हणजे कंगवा डोक्याला लावते, फोन कानाला धरते. हे अनुकरण असते, कल्पना नव्हे. परंतु पुढची पायरी याच अनुकरणावर उभी राहते.

ती पायरी ओळखायला बाजारातले खेळणे लागत नाही, स्वयंपाकघरातली एक वाटी पुरते. सव्वा-दीड वर्षाचे मूल रिकामी वाटी ओठांना लावते, मान मागे टाकते, प्यायल्याचा आवाज काढते आणि वाटीच्या काठावरून समोरच्या मोठ्या माणसाकडे पाहून हसते. ते हसू फार मोलाचे आहे. तहान लागलेले मूल रिकामी वाटी पाहून रडते किंवा ती आदळते. हसणाऱ्या मुलाला वाटीत पाणी नाही हे ठाऊक असते आणि समोरच्यालाही ते ठाऊक आहे, हेही त्याने ताडलेले असते. पुढे काही महिन्यांत तीच वाटी मावशींच्या ओठांना लागते, मग बाहुलीच्या. दोन वर्षांच्या सुमारास बाहुली नुसती घास घेणारी राहत नाही, ती स्वतः रडते, रुसते, झोपते, म्हणजे मूल तिला मन बहाल करते. आणि अडीच वर्षांच्या आसपास लाकडी ठोकळा हा लाडू होतो. तिसऱ्या वर्षाकडे झुकताना सुट्या कृतींची साखळी जुळते: भात शिजतो, वाढला जातो, खाल्ला जातो, भांडी घासली जातात. ही वये सरासरीची आहेत आणि दोन-चार महिन्यांची मागेपुढे सर्रास असते.

वस्तू कितपत खरीखुरी दिसावी, हा यातला सर्वांत कसाचा प्रश्न आहे. अमेरिकी संशोधक ग्रेटा फाइन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना घोड्याला पेल्यातून पाणी पाजायला सांगितले. खेळण्यातला घोडा घोड्यासारखा आणि पेला पेल्यासारखा होता, तेव्हा दहांपैकी नऊंहून अधिक मुलांनी ते केले. घोड्याच्या जागी ओबडधोबड आकार आणि पेल्याच्या जागी शिंपला, अशा दोन्ही वस्तू बदलल्या, तेव्हा जेमतेम एकतृतीयांश मुलांना जमले. म्हणजे दीड-दोन वर्षांच्या मुलाला कल्पनेचा एक पाय जमिनीवर लागतो: बाहुली माणसासारखी असेल, तर चमच्याच्या जागी काडी चालते, पण बाहुलीही लाकडाचा तुकडा आणि चमचाही काडी, हे ओझे त्याला पेलत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात मांडलेला काठीचा घोडा तीन वर्षांपुढच्या मुलाचा आहे. वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला मुलाला आधी एखाद्या टेकूची गरज असते आणि काठी हा तो टेकू, असे त्यांचे म्हणणे होते. कोकणात पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, बसून एकमेकांना ओढत नेणारी मुले त्या विरीची गाडी करतात. तिथेही बसता येणे आणि ओढता येणे हे दोन खरे गुण विरीत असतात, म्हणूनच उरलेली गाडी कल्पनेने भरून काढता येते.

याच्याशी जोडलेला दुसरा शोध भातुकली विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की दीड ते अडीच वर्षांची मुले बोटभर गाडीत पाय घालून बसायचा, बाहुलीच्या खुर्चीवर टेकायचा मनापासून प्रयत्न करतात. वस्तू काय आहे हे त्यांना कळते, पण ती किती लहान आहे हे कृती करताना विचारात घेतले जात नाही. याला प्रमाणदोष म्हणता येईल. पितळेचे नखाएवढे पातेले आणि अंगठ्याएवढा बंब ही सुबक भातुकली पाच वर्षांच्या मुलीला वेड लावते, परंतु वीस महिन्यांच्या मुलाच्या हाती ती निरुपयोगी आणि धोक्याचीही ठरते. त्या वयाला खऱ्या आकाराची स्टीलची वाटी, जाड दांड्याचा चमचा, झाकणासह एक टोप, लहान सूप आणि हातभर कापडी बाहुली एवढा ऐवज भरपूर आहे. इथे घरगुती पाळणाघर मोठ्या संस्थेपेक्षा वरचढ ठरते, कारण मुलासमोर खरोखर तांदूळ निवडले जातात, खरोखर भाकरी थापली जाते आणि जे पाहिलेले असते तेच खेळात उतरते.

पेण तालुक्यात याचा प्रत्यय गणपती होऊन गेल्यावर येतो. पेण, हमरापूर, जोहे या परिसरात मूर्तिकामाच्या कार्यशाळा आहेत आणि तिथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे वर्षाचे कित्येक महिने मूर्ती घडत असतात. आरत्या संपून आठवडा लोटल्यावर दोन वर्षांचे मूल टोपाचे झाकण दोन्ही हातांत धरून पाटासमोर गोल फिरवू लागते आणि घरातल्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून अडून बसते, तेव्हा विलंबित अनुकरण, म्हणजे पाहिलेली कृती मनात साठवून नंतर मूळ प्रसंग नसताना ती पुन्हा करणे, हे साक्षात दिसते. अशा वेळी पाळणाघरातल्या मावशींनी ‘झाकण ठेव’ म्हणण्याऐवजी दोन टाळ्या वाजवून प्रसादाला हात पुढे केला, तर खेळ एक पायरी वर चढतो; त्यांनीच सगळी आरती ठरवून करून घेतली, तर तो खेळ राहत नाही.

या संदर्भात मराठी बालशिक्षणाची परंपरा उपयोगी पडते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचा कल लहान मुलांना कल्पित गोष्टींपेक्षा खरे काम देण्याकडे होता. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्यासह झटलेल्या अनुताई वाघ यांनी माँटेसरींचे तत्त्व घेतले, पण महागडी साधने बाजूला ठेवून परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. खरे काम आणि खोटा खेळ यांत वैर मानण्याचे कारण नाही. लसूण सोलायला बसलेले मूल पुढच्या घटकेला बाहुलीसाठी लसूण सोलते. मुलग्यांना भातुकलीच्या कोपऱ्यातून उठवून गाडीकडे पाठवण्याची सवय तर तात्काळ सोडावी, कारण दोन वर्षांच्या मुलाला भूक, झोप आणि माया एवढेच विषय ठाऊक असतात आणि ते सगळे चूल-बाहुलीच्या कोपऱ्यातच आहेत.

कल्पित खेळाने बुद्धी वाढते, असा दावा खेळणी विकणारे सर्रास करतात. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा यातले बरेच दावे पुराव्यापेक्षा मोठे असल्याचे आढळले. तरीही हा खेळ वाढीची खूण म्हणून महत्त्वाचा राहतोच. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांमधील स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत मूल खोटे-खोटे खेळते का, हा प्रश्न मुद्दाम घातलेला आहे. दोन वर्षे उलटूनही मूल बाहुलीला घास देत नसेल, आणि सोबत बोट दाखवणे, हाकेला वळून पाहणे हेही नसेल, तर मावशींनी आईवडिलांशी एकांतात, दोष न देता बोलावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात आणि विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीचाच भाग आहे.

मांडामांडीचे नियम थोडे आहेत. दोन वर्षांची मुले एकमेकांशेजारी बसून आपापले खेळतात, वाटून घेणे त्यांना अजून जमत नाही; म्हणून दहा तऱ्हेची भांडी आणण्यापेक्षा एकसारख्या तीन वाट्या आणि तीन चमचे ठेवले, तर निम्मी रडारड टळते. विकत घ्यायच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहावे, भारतात ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तनिर्मित खेळण्यांना त्यातून सूट असल्याने तिथे रंग आणि सुटे भाग स्वतः तपासावे लागतात. बारीक भागांच्या चाचणीच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि त्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाजवळ नको. चिंचोके आणि सागरगोटे या मापात सहज बसतात. बटनसेल असलेली खेळणी घरातच आणू नयेत. आणि पावसाळ्यानंतर कुंपणावर लाल-काळ्या गुंजा लटकू लागल्या की त्या ‘डाळ’ म्हणून मुलांच्या टोपात येण्याआधीच मोठ्यांनी वेल उपटून काढावा, कारण दिसायला देखणे ते बी चावले गेले, तर प्राणघातक ठरू शकते.