एकाचे दोन दिसतात, तेव्हा दर वेळी चष्म्याचा नंबर बदललेला नसतो

अचानक एकाची दोन माणसं दिसू लागली, की अलोऱ्यासारख्या गावात सल्ला मिळतो: ‘नंबर बदलला असेल, चिपळूणला जाऊन डोळे तपासून ये.’ आधी एक डोळा झाकून पाहा. झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळे एका रेषेत राहिलेले नाहीत आणि दोष डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचा किंवा नसांचा असू शकतो. मेंदूकडून येणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसा हे काम पाहतात. सहावी दुबळी झाली, की डोळा नाकाकडे वळतो आणि लोक म्हणतात, ‘वारं गेलं.’

मधुमेहातही असं होतं आणि बहुधा काही महिन्यांत सुधारतं. पण कारण रक्ताची गुठळीही असू शकतं. ती नसेवरच बसावी लागते, हा समज चुकीचा आहे. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली, की रक्त तुंबतं, कवटीतला दाब वाढतो आणि गुठळीपासून दूर असलेली सहावी नसही त्या दाबाने निकामी होऊ शकते.

शिरेतली ही गुठळी म्हणजे म्हातारपणाचा आजार नव्हे. तरुण बायकांना तो जास्त होतो आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे विशेष जोखमीचे. त्या काळात रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात काही घरांत बाळंतिणीला पाणी बेतानं देतात. हे थांबायलाच हवं. अंगातलं पाणी कमी झालं, की गुठळीचा धोका वाढतो. बाळंतिणीचं डोकं दिवसेंदिवस जास्त दुखत असेल, उलट्या, फिट किंवा दोन दिसणं सुरू झालं असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरी ठेवू नका. 108ला फोन करा. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी निसटू शकते. शिरांचा एमआरआय किंवा सीटी करावा लागतो.

काहींच्या रक्तात गुठळी रोखणारं प्रोटीन सी किंवा एस जन्मतःच कमी असतं. मात्र गरोदरपणात प्रोटीन एस एरवीही उतरतं, त्यामुळे ती तपासणी नंतर करतात.

गुठळी असेल म्हणून मनानं ॲस्पिरिन घेऊ नका. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, कवटीत रक्तस्राव होऊनही दोन दिसू शकतं आणि तिथे उपचार नेमका उलटा असतो. गुठळीवर देतात त्या वॉरफरिनला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. प्रत्यक्षात ती रक्त गोठण्याचा वेग कमी करते, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं मोजमाप, वेळच्या वेळी तपासावा लागतो. ती चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.